पुढे पळणारा आवाज

"तुमच्या ओळी उशिरा येतात," असा निरोप स्टुडिओतल्या मॅडमनी पाठवला आणि माझं डोकंच फिरलं. उशीर हा शब्द मला आजवर कुणी लावलेला नाही. दवाखाना उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसणारी बाई मी. उलट घरचे म्हणतात, जरा उशीर करायला शीक.

माझं काम असं: मालिका तयार होते, ती माझ्याकडे येते, आणि पात्रं जे बोलतात ते मी जसंच्या तसं चित्राखाली लिहून देते. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. ओळ कधी उमटायची आणि कधी पुसायची, तेही मीच ठरवते. हे मला कुणी शिकवलेलं नाही. मुलगी शिकायला बाहेर गेली तेव्हा तिची खोली आणि तिचा जुना लॅपटॉप, दोन्ही माझ्या वाट्याला आले. खोलीत मी आधी कपडे वाळत घालत होते. लॅपटॉपवर इतरांचं बघत बघत, चुकत माकत, हे काम शिकले. मग कामं येत गेली आणि कपडे परत गच्चीत गेले.

निरोपात पुढे होतं: तीन भाग परत पाठवते आहे. बहिणीचं वाक्य भावाच्या तोंडावर उमटतं आहे. शनिवारपर्यंत नीट करून द्या, नाहीतर पुढचे भाग दुसऱ्या कुणाकडे द्यावे लागतील.

मालिका लांबलचक होती, अजून वर्षभर तरी ते बहीणभाऊ भांडणार होते. म्हणजे माझं वर्षभराचं काम. मी लगेच तो भाग लावून पाहिला. बहीण म्हणाली, "मी येणार नाही, तू एकटाच जा," आणि त्याच क्षणी खाली ओळ आली. बोटात अंगठी बसावी तशी. मी नवऱ्याला हाक मारली.

हे लिफ्ट दुरुस्त करतात. कुठल्याही बिघाडाकडे आधी उभ्याउभ्याच बघायची सवय. तसंच बघितलं आणि म्हणाले, "बरोबर तर आहे."

"मग त्या काय म्हणतायत?"

"त्यांचं मशीन बिघडलं असेल. नाहीतर तुझं."

"दोन्हीपैकी कुठलं?"

"अगं, लिफ्ट मधेच अडकली तर मी आधी लिफ्ट बघतो. आतल्या माणसांशी वाद घालत नाही."

लिफ्टच बघायची म्हटलं तर माझ्या लॅपटॉपची परिस्थिती नाजूकच होती. बिजागरी तुटलेली, त्यामुळे त्याच्या पाठीमागे साखरेचा डबा ठेवावा लागे. चार्जरची पिन एका विशिष्ट कोनात कललेली असली तरच वीज आत जाई, म्हणून तिच्यावर इस्त्री ठेवलेली, थंड. तापला की आतला पंखा असा सुटायचा की शेजारीण विचारायची, काय वाटतेस गं एवढं? चित्र मोठं केलं की त्याला धाप लागे, म्हणून मी ते काडेपेटीएवढं करून कोपऱ्यात सारलेलं. तशी मला चित्राची गरजही नव्हती. माझं काम कानाचं. नजर टायपिंगवर, कान आवाजावर.

तेव्हा ठरलं, नवीन घ्यायचा. मंगळवार होता. शनिवार काही फार लांब नव्हता.

चकचकीत दुकानात आम्ही दोघं गेलो. तिथे सगळे लॅपटॉप पंख उघडल्यासारखे मांडून ठेवलेले. विकणारा मुलगा विचारायला लागला, कशासाठी हवाय?

"कामासाठी. आणि घरात रोजचं."

"रोजचं म्हणजे?"

"बिलं भरायची, मुलीशी बोलायचं, ह्यांना मॅच बघायची."

"मॅच मी मोबाईलवर बघतो," हे म्हणाले, पण तोवर त्यांचा हात एका चंदेरी, पातळ लॅपटॉपवरून फिरायला लागला होता. मला तो हात ओळखू येतो. दुसऱ्याचं बाळ घेताना असाच होतो.

मुलाने मला रंग दाखवले. लाल किती लाल दिसतो, निळा किती निळा. मी म्हटलं, "मला माझी फिल्म लावून बघायचीय," आणि पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. त्यात परत आलेल्या भागातला तोच प्रसंग होता, माझ्या ओळींसकट. हॉस्पिटलचा लांब बोळ, बहीण, भाऊ, दार.

बहीण म्हणाली, "मी येणार नाही, तू एकटाच जा." खाली काहीच नाही. कॅमेरा भावाकडे वळला. भावाचा चेहरा पडद्यावर मोठा झाला आणि मग सावकाश, पाहुण्यासारखी, ओळ आली: मी येणार नाही, तू एकटाच जा.

"याचा आवाज पुढे पळतो," मी म्हटलं.

मुलगा गोंधळला. त्याने एक गाणं लावून दाखवलं. गाण्यातली बाई तोंड उघडत होती आणि आवाज तिथल्या तिथे येत होता.

"बघा, बरोबर आहे."

"तुमचं गाणं तुमच्या मशीनच्या सवयीचं असेल," मी म्हटलं. आता लिहिताना मला हे वाक्य वाचवत नाही, पण तेव्हा ते मला अगदी शहाणपणाचं वाटलं होतं.

ह्यांनी मला बाजूला घेतलं. "अगं, वॉरंटी आहे. हलका आहे. त्याला मी हा बाजूला ठेवायला सांगतो."

"आवाज पुढे पळणारा लॅपटॉप घेऊन मी काय करू? मागे धावू त्याच्या?"

दुसऱ्या दुकानात वेगळ्या कंपनीचा बघितला. त्याचाही आवाज पुढे पळत होता. तिसऱ्या दुकानातल्या बाईंनी तीन मशीनं एकापुढे एक लावून दिली, तिन्हीचा पळत होता. मग त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही उद्या निवांत या ना." म्हणजे येऊच नका.

बुधवारी मी एकटीच गेले. बसमधून उतरून एका दुकानात, मग समोरच्या, मग परत पहिल्या. पायांना काय झालं होतं कोण जाणे, थांबायलाच तयार नव्हते. घरी आले तर बसवेना. घडी घातलेले टॉवेल उलगडून परत घडी घातली. जुन्या लॅपटॉपवर तो प्रसंग लावला, ओळ चपखल. म्हणजे जगातली सगळी नवी मशीनं बिघडलेली आणि साखरेच्या डब्याला टेकलेलं माझं एकटं शहाणं. हे पटत नव्हतं, पण समोर दिसत होतं त्याला काय करणार?

मुलीचा फोन आला. तिला सगळं सांगितलं.

"आई, तू लॅपटॉप घेतेयस की जावई शोधतेयस?"

"जावयाला निदान चार प्रश्न तरी विचारता येतात."

"कुठलाही घे गं. आजकाल सगळे सारखेच असतात."

"तेच तर. सगळे सारखेच वाईट आहेत."

तिने हसू दाबलेलं मला ऐकू आलं. कान आहेत माझे, तेवढं ऐकू येतं.

गुरुवारी मी निघाले तेव्हा सासूबाई चपला घालून दारात उभ्या. त्या पूर्वी टेलिफोन खात्यात होत्या, जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले. आता कानांनीच संप पुकारलाय. ऐकायचं मशीन दिलंय, ते शिट्टी वाजवतं म्हणून ड्रॉवरमध्ये असतं. दिवसभर आवाज बंद करून टीव्ही बघतात. माझे पुरे झालेले भाग मी पेन ड्राइव्हवर घालून टीव्हीला लावून देते, ते त्या मन लावून वाचतात. मी मात्र त्या वेळी स्वयंपाकघरात असते. जे वाक्य दहा वेळा ऐकून लिहिलंय ते परत कोण बघणार?

"मला पण ने," त्या म्हणाल्या. मोठ्यांदाच, त्यांचा आवाज आता तसाच येतो. "दोन दिवस तू घरात नुसत्या येरझाऱ्या घालतेयस. टीव्हीपेक्षा मला तुझी पाठच जास्त दिसतेय."

"आई, खूप फिरावं लागेल."

"काय?"

"खूप फिरायचंय!"

"मग काय झालं? मला पाय आहेत. कान नाहीत."

नवीन दुकानं संपली होती, म्हणून पोस्टाच्या मागच्या गल्लीत जुने लॅपटॉप विकणाऱ्याकडे गेलो. गोल अंगाचा, चष्मा कपाळावर चढवलेला माणूस. दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली, दोन्ही भिंतींना काळ्या लॅपटॉपांच्या उतरंडी.

"हे सगळे ऑफिसांतून येतात ताई," तो म्हणाला. "तीन वर्षं वापरतात आणि काढून टाकतात. माणसांचंही तसंच करतात म्हणा, पण ती मला विकता येत नाहीत."

त्याने सासूबाईंना स्टूल दिलं आणि मला एक लॅपटॉप उघडून दिला. मी पेन ड्राइव्ह लावला. बोळ, बहीण, भाऊ. ओळ भावाच्या तोंडावर.

मी हात जोडल्यासारखे करून टेबलावर ठेवले. "याचाही पुढे पळतोय."

"काय पळतंय?" दुकानदाराने विचारलं.

"आवाज."

त्याने कान लॅपटॉपजवळ नेला, जसा काही तो खरंच कुठे निघाला होता. "मला तर इथेच वाटतोय."

सासूबाई मागून म्हणाल्या, "काय झालं? याच्यात पण तसंच येतंय का?"

"हो ना आई. याच्यात पण."

"मग बरोबर आहे की. आपल्या टीव्हीवर पण असंच येतं."

मी मागे वळले. "असंच म्हणजे?"

"म्हणजे आधी ती बोलते. तोंड मिटते. मग ती अक्षरं येतात." त्यांनी बोट ओठांवर ठेवून दाखवलं, उघडले, मिटले, आणि मग दुसऱ्या हाताने हवेत एक ओळ काढली. "तुझ्या सगळ्या भागांत तसंच असतं. सुरुवातीला बरं असतं, नंतर रेंगाळत जातं."

"मग तुम्ही सांगितलं का नाही मला?"

"मला वाटलं, पद्धतच असेल. आधी बोलायचं, मग लेखी द्यायचं. आमच्या खात्यात असंच होतं."

दुकानदार हसला. मला हसू आलं नाही. मी त्याला म्हटलं, आवाज पूर्ण बंद करा. त्याने केला. चित्र मोठं होतं, बहिणीचं तोंड माझ्या तळहाताएवढं. ते उघडलं, हललं, मिटलं. भाऊ आला. मग ओळ आली. मग मी आवाज चालू करून तेच बघितलं. आवाज तिच्या ओठांबरोबरच येत होता. कुठेही पळत नव्हता. मागे राहिली होती ती फक्त माझी ओळ.

माझ्या घरच्या म्हाताऱ्या लॅपटॉपचा आवाज चित्राच्या मागे मागे येत होता. तापत गेला की आणखी मागे. आणि मी काडेपेटीएवढ्या चित्राकडे न बघता, त्या दमलेल्या आवाजावर एकेक ओळ बसवली होती. आमचं दोघांचं छान जमलं होतं. जगाशी आमचं जमत नव्हतं एवढंच.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी चाललं होतं. "म्हणजे 'मी येणार नाही' असं तो नाही म्हणालाय?"

"नाही आई. ती म्हणालीय. बहीण."

"म्हणजे बाप आजारी असताना यायला नाही म्हणाली ती?"

"हो."

"अरे देवा. आणि मी त्या पोराला महिनाभर शिव्या घालतेय."

एकट्या त्यांनाच नाही, बाकी कोणाकोणाला मी चुकीच्या माणसावर रागवायला लावलं होतं, देव जाणे. ज्यांच्यासाठी लिहिते त्यातलं एक माणूस माझ्याच घरात सोफ्यावर बसलेलं होतं, आणि मी त्यांना विचारलं काय होतं, तर चहा हवा का.

पण हळहळायला वेळ नव्हता. ओळी सगळ्या एकदम पुढे सरकवून भागणार नव्हतं, कारण उशीर सगळीकडे सारखा नव्हता. सुरुवातीला थोडा, शेवटी भरपूर. एकेक ओळ हाताने उचलून जागेवर ठेवायची होती, तीन भागांतली. आणि त्यासाठी तापल्यावरही न बदलणारं मशीन हवं होतं. आता निदान मला काय विचारायचं ते कळलं होतं.

"हा तापेपर्यंत चालवून बघू का?"

दुकानदाराने चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "लोक थंड आहे का विचारतात."

"थंड असताना सगळेच चांगले वागतात."

"बसा," तो म्हणाला. "आज तसंही गिऱ्हाईक नाही."

आम्ही अख्खा भाग लावला. वजनाला हलका, बटणं मऊ, मला तो आवडायला लागला होता. अर्ध्यावर त्याच्या पोटातून घरघर सुरू झाली. मी चित्र मोठं केलं, बहिणीची मान वळता वळता अडकली आणि एकदम दुसऱ्या बाजूला उगवली. "हिला काय झालं?" सासूबाईंनी विचारलं. मी तो मिटला.

दुसरा जड होता. काळा, कडेला रंग उडालेला, झाकणावर कुठल्यातरी ऑफिसचं स्टिकर खरवडून काढल्याची खूण. बटणं खोल जाणारी, दाबलं की दाबलं असं कळणारी. पडदा चकचकीत नव्हता, लाल रंग साधारण लाल दिसत होता. पूर्ण भाग संपला, मी परत पहिल्यापासून लावला. पालथा हात त्याच्या पोटाखाली घातला तर गरम होतं, पण बहिणीचे ओठ आणि बहिणीचा आवाज हातात हात घालून चालले होते. दोन्ही कानांनी ऐकलं, दोन्ही डोळ्यांनी बघितलं. तरी खात्री होईना. मी परत लावायला गेले तेव्हा दुकानदार म्हणाला, "ताई, हा आता तुम्हाला आई म्हणायला लागेल."

चंदेरीच्या निम्म्याहून कमी किमतीत तो मिळाला. बॅटरी कमकुवत आहे हे त्याने आपणहून सांगितलं. मी म्हटलं, चालेल, हिंडायला न्यायचा नाहीये.

घरी ह्यांनी तो उचलून पाहिला आणि परत ठेवला. "जुना काढून जुनाच आणलास?"

"हा ऑफिसातला आहे. शिस्तीत वाढलाय."

"आणि मी तो चंदेरी बाजूला ठेवायला सांगितलाय, त्याचं काय?"

"त्यालाही कुणीतरी चांगलं मिळेल."

जेवताना ह्यांनी विचारलंच, "म्हणजे मी बघितलं तेव्हा बरोबर होतं की चूक?"

"लिफ्ट बघितलीत ना, ती चूक नव्हती."

"मग?"

"मीच आत अडकले होते."

शुक्रवार सगळा त्यातच गेला. सुरुवातीला मी एकटीच बसले, पण कान जुन्या सवयीने थांबायचा. आवाज आला की माझं बोट किंचित मागे राहायचं, जणू अजून आवाज यायचाच आहे. चार ओळी बसवायच्या, तपासायच्या, परत काढायच्या. छातीत सारखी घाई, आणि हात मात्र म्हाताऱ्या लॅपटॉपच्या चालीने चालणारे. शेवटी मी सासूबाईंना हाक मारली, म्हणजे जाऊन खांद्याला हात लावला. त्यांची खुर्ची माझ्या शेजारी ओढली, चित्र पडदाभर मोठं केलं, आवाज बंद केला.

"आई, कुणी तोंड उघडलं की बोट वर करायचं. मिटलं की खाली."

"एवढंच?"

"एवढंच."

टेलिफोन खात्याची माणसं. पाठ ताठ करून, दोन्ही कोपरं टेबलावर ठेवून बसल्या, पुढे भला मोठा बोर्ड असल्यासारख्या. बोट वर, बोट खाली. मी ओळ उचलायची, ठेवायची. मधेमधे त्यांना कथेचा धक्का बसे. "म्हणजे वकिलाला पैसे हिने दिले?" मी मान हलवायची. "बाई बाई. तरी मला हिच्या भुवयांवरून वाटलंच होतं." मी चित्र पुढे ढकलायची. काही जागी पुढच्या दृश्याची घाई त्यांनाच इतकी व्हायची की बोट खाली घ्यायला विसरायच्या. आमची भांडणंही झाली. हे मधेच डोकावले, खिडकीतून बघावं तसं बघितलं आणि जेवण आपणच वाढून घेतलं.

शनिवारी दुपारी तिन्ही भाग पाठवले. पाठवल्यावर जास्तच वाईट अवस्था. लॅपटॉपच्या झाकणावर हात ठेवून बघ, परत बघ. आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा. मॅडमनी मिळालं असं कळवलं, पुढे काही नाही. मी भांडी घासली, जी घासलेली होती. बाल्कनीत गेले, आत आले. सासूबाई म्हणाल्या, "आता माझ्यासमोरून जाऊ नकोस गं, डोळ्यांवर आधीच ताण पडलाय."

संध्याकाळी निरोप आला. मी उभ्याने वाचला.

ओळी आता जागेवर आहेत. पुढचे भाग सोमवारी पाठवते. फक्त तिसऱ्या भागात एके ठिकाणी ओळ आधीच येते, तेवढं बघा.

मी खुर्चीत बसले. कितीतरी वेळाने बसले असेन, पाठीला खुर्ची लागली ते जाणवलं. पुढचे भाग. मी ते दोन शब्द परत वाचले आणि मग ती जागा काढली. बोळ नाही, घर होतं. बहीण दाराकडे निघालेल्या भावाच्या पाठीकडे बघत उभी. तिचं तोंड उघडतं, थोडा वेळ तसंच राहतं. मग ती म्हणते, "जेवून जा." माझी ओळ तोंड उघडल्याबरोबर आलेली. आवाज बऱ्याच वेळाने.

सासूबाईंना बोलावून दाखवलं. "इथे तुम्ही बोट लवकर वर केलंत."

त्यांनी ते लक्षपूर्वक पाहिलं. परत लावायला सांगितलं, परत पाहिलं.

"तिने तोंड उघडलंय," त्या म्हणाल्या.

"उघडलंय, पण बोलली नाहीये. आवाज नंतर आहे."

"तिला आधीच बोलायचं होतं."

"बोलायचं होतं, पण बोलली नंतर. आपल्याला बोलली तेव्हाच लिहायचंय."

"मग तो दारापर्यंत पोचला की गं तोवर," त्या म्हणाल्या. "आहे तिथेच राहू दे ती ओळ. निदान वाचणाऱ्यांना तरी कळेल, हिने वेळेवर म्हटलं."

मी ओळ उचलली होती. माउसवरचं बोट सोडवेना. शेजारी त्या हनुवटी पुढे काढून बसलेल्या, माझ्या हाताकडे बघत, आणि पडद्यावर बहीण तोंड उघडून थांबलेली.

"आई, मॅडम परत पाठवतील."

"पाठवू दे. मी बोलते त्यांच्याशी," त्या म्हणाल्या, "तू फक्त मला त्या काय म्हणाल्या ते लिहून दे."